शपथ मोडून मिळवलेली गादी: इंग्लंडचा राजा स्टीफन

सांजवारा:
इंग्लंडचा राजा पहिला हेन्री १ डिसेंबर ११३५ रोजी नॉर्मंडीत वारला, तेव्हा त्याला औरस पुत्र उरला नव्हता. एकुलता एक वारस विल्यम नोव्हेंबर ११२० मध्ये बार्फ्लरजवळ 'व्हाइट शिप' बुडाली त्या दुर्घटनेत गेला होता. म्हणून हेन्रीने मुलगी मटिल्डा हिला वारस ठरवून सरदारांकडून तशा शपथा घेवविल्या, आणि त्या घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफन अगदी पुढे होता. असे असूनही मामाच्या मृत्यूला महिना उलटण्याच्या आत, २२ डिसेंबरला, याच स्टीफनला वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक होतो आणि फारसा कोणी विरोध करत नाही. ज्याला गादी इतक्या सहज मिळाली, त्याला पुढची १९ वर्षे ती सुखाने का भोगता आली नाही? 'माणूस भला, पण राजा दुबळा' हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तटबंदी:
सहज मिळाली हेच तर कारण आहे. स्टीफन पत्नीच्या वारशाने बूलोनचा काउंट होता आणि तिथून इंग्लंडचा किनारा अगदी जवळ. तो तडक लंडनला पोहोचला, नागरिकांनी त्याला उचलून धरले. विंचेस्टरचा बिशप हेन्री हा त्याचा सख्खा भाऊ असल्याने तिथला राजकोशही हाती आला. राज्याभिषेक करणाऱ्या कँटरबरीच्या आर्चबिशपला मटिल्डासाठी घेतलेल्या शपथेची अडचण वाटत होती. ती दूर करण्यासाठी सरदार ह्यू बिगॉडने शपथेवर सांगितले की, मृत्युशय्येवर राजाने आपला विचार बदलला होता. (त्याच्या पुढच्या वर्तनाकडे पाहता या साक्षीवर किती विश्वास ठेवावा, हे ज्याने त्याने ठरवावे.) मटिल्डा त्या वेळी गरोदर होती आणि समुद्रापलीकडे होती. शिवाय तिचा नवरा, आंजूचा जेफ्री, नॉर्मन सरदारांना नकोसा होता.

पण ज्यांनी गादी दिली, त्या प्रत्येकाने तिची किंमत मागितली. चर्चला ११३६ मध्ये सवलतींची सनद द्यावी लागली, स्कॉटलंडचा राजा डेव्हिड याला सीमेजवळचे कार्लाइल देऊन टाकावे लागले, आणि मटिल्डाचा सावत्र भाऊ, ग्लॉस्टरचा रॉबर्ट, याने तर अटी घालूनच निष्ठा वाहिली आणि ११३८ मध्ये ती मागे घेतली. गंमत अशी की डेव्हिड मटिल्डाचा मामा होता आणि स्टीफनच्या राणीचाही.

जुनीपाने:
तटबंदी यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, तरी राजाच्या स्वतःच्या चुका झाकता येणार नाहीत. सप्टेंबर ११३९ मध्ये मटिल्डा रॉबर्टसोबत अरंडेलला उतरली असता त्याने तिला ब्रिस्टलला सुखरूप जाऊ दिले, याबद्दल त्याला हमखास हसले जाते. माझ्या मते ते तितके वेडेपणाचे नव्हते: रॉबर्ट आधीच निसटला होता आणि दिवंगत राजाच्या विधवेच्या किल्ल्याला वेढा घालून बसणे शोभलेही नसते. खरी चूक त्याआधी, जूनमध्ये झाली. सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि त्याचा पुतण्या, लिंकनचा बिशप अलेक्झांडर, यांना दरबारात अटक करून त्याने त्यांचे किल्ले घेतले. राज्याचा कारभार ज्या घराण्याने वर्षानुवर्षे चालवला तेच दुखावले आणि सख्खा भाऊही बिथरला. भला म्हणायचे तर ११५२ मधला प्रसंग पाहावा. विरोधी सरदाराचा मुलगा म्हणून ओलीस ठेवलेल्या छोट्या विल्यम मार्शलला फाशी देण्याची धमकी दिल्यावर त्याच्या बापाने 'आणखी मुलगे घडवायला माझ्याकडे हातोडा आणि ऐरण आहे' असे कळवले, तरी स्टीफनने पोराला मारले नाही.

तटबंदी:
अटकेचा मुद्दा मान्य. मात्र ११४१ हे वर्ष पाहिल्याशिवाय हा राजा कळत नाही. २ फेब्रुवारीला लिंकनच्या लढाईत तो स्वतः झुंजत पकडला गेला आणि ब्रिस्टलला कैदेत पडला. मैदान मोकळे असूनही मटिल्डाचा राज्याभिषेक झाला नाही. तिने पैशांची मागणी रेटताच २४ जूनला लंडनकरांनी तिला शहराबाहेर पिटाळले. सप्टेंबरमध्ये विंचेस्टरहून माघार घेताना रॉबर्ट स्टीफनच्या राणीच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याच्या बदल्यात राजा सुटला. एका अर्लच्या बदल्यात राजा! एकदा पवित्र तेलाने अभिषेक झालेल्या राजाला पदच्युत करणे त्या काळात किती अवघड होते, हे यातून दिसते. मात्र ११४४ मध्ये जेफ्रीने नॉर्मंडी जिंकल्यावर, दोन्हीकडे जमिनी असलेल्या सरदारांना राजासाठी शेवटपर्यंत लढण्यात रस उरला नाही.

सांजवारा:
दोघांचेही आभार. मग ११५३ च्या तहात स्टीफनने मटिल्डाच्या मुलाला, हेन्रीला, वारस मानले ते केवळ थोरला मुलगा युस्टेस त्या ऑगस्टमध्ये वारला म्हणून का? धाकटा मुलगा विल्यम होताच ना?

जुनीपाने:
युस्टेसचा मृत्यू हे निमित्त झाले. बापाच्या हयातीतच त्याला अभिषेक करावा, ही मागणी आर्चबिशप थिओबाल्डने ११५२ मध्येच नाकारली होती आणि त्यामागे पोपचा आधार होता. म्हणजे ज्या चर्चने गादी दिली त्यानेच ती पुढे सरकू दिली नाही. विल्यमला मोठ्या जमिनी आणि बूलोन मिळाले, आणि त्यावर त्याने समाधान मानले. स्टीफन २५ ऑक्टोबर ११५४ रोजी डोव्हरला वारला आणि दुसऱ्या हेन्रीला १९ डिसेंबरला निर्वेध अभिषेक झाला. याच हेन्रीच्या तुलूझ मोहिमेवरून परतताना विल्यम ११५९ मध्ये मरण पावला. मग बूलोनचा वारसा त्याची बहीण मेरी हिच्याकडे आला. ती रॉम्सीच्या मठाची प्रमुख होती. तिला तिथून बाहेर काढून तिचे लग्न लावण्यात आले.