विनानांगरट मक्याचं पाणी कसं बसवू? (मदत हवी आहे)

मंडळी, सिल्लोड तालुका, काळी जमीन, साडेसातची मोटर. विहिरीत फार तर तीन पाळ्यांचं पाणी उरलंय.

सोयाबीन निघाल्यावर १५ नोव्हेंबरला दोन एकर मका टोकला. एक एकर नांगरून, रोटर मारून, सरी पाडून. दुसऱ्या एकरात लोखंड घातलंच नाही, सोयाबीनच्याच गादीवाफ्यावर धसकटं ठेवून टोकण. (नेरळकडे सगुणा पद्धतीत भातानंतर असंच करतात, ते बघून हौस आली. वडील अजून धड बोलत नाहीत.)

दोनशे लिटरचा ड्रम २५ सेकंदांत भरतो, म्हणजे तासाला जवळपास २९ हजार लिटर. पहिलं पाणी नांगरटीच्या एकराला ९ तास लागलं, विनानांगरटीला साडेपाच. एकरावर १ मिमी म्हणजे ४ हजार लिटर, या हिशेबाने सुमारे ६४ आणि ३९ मिमी. गावभर सांगत सुटलो.

आता मका ५२ दिवसांचा, कमरेवर आलाय. पाणी देऊन १३ दिवस झाले तर विनानांगरटीतली पानं दुपारी सुरळी होतायत, वाफ्याला बोट जाईल एवढी भेग. शेजारचा नांगरटीतला मात्र ढिम्म. उलटं व्हायला हवं होतं ना? तुरा पंधरवड्यावर आलाय. पाळी लवकर देऊ, की जास्त तास सोडू?

प्रतिसाद १
सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) कुठे गेलं?

धागाकर्ता
विकलं, भाऊ. जनावरवाल्याने जागेवर पैसे दिले.

प्रतिसाद १
मग झालं! नांगर न घालणं हे अर्धंच काम. पाणी वाचतं ते आच्छादनामुळे, मका लहान असताना उघड्या जमिनीतून उडतं ते थांबतं म्हणून. नुसती धसकटं काय झाकणार?

प्रतिसाद २
साडेपाच तासांत भिजलं म्हणता, ते तपासलंत का? घट्ट सरीतून पाणी पळतं, शेवटाला पोचलं की आपण बारं मोडतो, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवतो. वाफ्याच्या मधोमध फूटभर खणा, माती मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल आहे. पानं संध्याकाळी उलगडत असतील तर दम आहे, सकाळीच सुरळी दिसली तर थांबू नका.

तीन पाळ्या अशा ठेवा: तुऱ्याच्या तोंडावर एक, कणसाला केस फुटताना एक, दाणा चिकात असताना एक. केसावेळी ताण बसला की कणीस बोडकं राहतं, नंतर कितीही पाणी पाजा.

धागाकर्ता
खणलं. सरीच्या तळाला ओल, वाफ्याच्या मध्यात चार बोटांखाली माती पीठ. म्हणजे २५ मिमी वाचलं नव्हतं, मुरलंच नव्हतं.

पानं सकाळी उलगडलेली होती, पण आता थांबायची हिंमत नाही. सरीत दर वीस फुटांवर मातीचा आडवा बांध घालतोय, व्हॉल्व्ह अर्धाच उघडणार. आच्छादनाला उसाचं पाचट कुणाकडे मिळेल का, सिल्लोड-भोकरदनच्या आसपास? उद्यापासून रात्रीची लाईट आहे.