हवा मोजून भागत नाही, नमुना घ्यावाच लागेल

मोजपट्टी
रसायनांशी काम करणाऱ्यांचं रक्त-लघवी तपासायचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं : हवेतलं प्रमाण मर्यादेत आहे ना, मग माणसाच्या मागे कशाला लागता? माझ्या मते लागायलाच हवं. कॉलरला लावलेला पंप नाकासमोरची हवा मोजतो, बाकी काही नाही. डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक कातडीतून सहज आत जातं. हातमोजा आतून ओला झाला असेल तर पंपाला त्याचा पत्ताही लागत नाही. शिफ्ट संपताना घेतलेल्या लघवीत त्यापासून शरीरात बनणारं एन-मिथाइलफॉर्मामाइड वाढलेलं दिसतं, तेव्हा कुठे कळतं. शिसं तर न धुतलेल्या हातांनी खाताना पोटात जातं. एकाच टाकीपाशी उभ्या दोघांचे आकडे वेगळे येतात ते यामुळेच. तपासणी सक्तीची करा.

शिफ्टवाला
साफ असहमत. आकडा वाढलेला दिसेपर्यंत विष अंगात गेलेलं असतं. गळती शोधायला माणूस वापरायचा, हे कसलं संरक्षण? आणि आकडा वाढल्यावर होतं काय? एक्झॉस्ट आहे तसाच राहतो, माणूस हलवतात, त्या जागी नवा उभा करतात. अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्सने १९८२ साली मूल होऊ शकणाऱ्या बायकांना बॅटरीच्या शिशाच्या कामावर सरसकट बंदी घातली. मूल होणार नाही असा डॉक्टरी दाखला आणा, मग या! सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं १९९१मध्ये.

मोजपट्टी
हलवण्यात वाईट काही नाही, पगार बुडण्यात आहे, आणि त्याची सोय करता येते. अमेरिकेच्याच ओशाचा, म्हणजे कामगार सुरक्षा खात्याचा, १९७८चा शिशाचा नियम बघा. रक्तातलं शिसं जास्त म्हणून बाजूला काढलेल्या कामगाराचा पगार आणि सेवाज्येष्ठता १८ महिन्यांपर्यंत सांभाळावी लागते. आकडा खाली दिसावा म्हणून शिसं बाहेर काढणारी औषधं आधीपासूनच देत राहायचं, यालाही त्यात मनाई आहे. (कुणाच्या तरी डोक्यात ही शक्कल आली असणार, उगाच नाही नियमात लिहावं लागलं.)

लॅबकोट
तुम्ही दोघं आकडा खरा धरून भांडताय. नमुना कसा येतो ते आम्हाला विचारा. कामाच्याच कपड्यांत, त्याच हातांनी बाटलीचं झाकण उघडलं की बाहेरची धूळ आत पडते आणि अहवालात ती 'शरीरातलं शिसं' म्हणून झळकते. स्टायरिन या रसायनासाठी त्यापासून शरीरात बनणारं मँडेलिक आम्ल शिफ्टच्या शेवटी लघवीत बघायचं असतं. सुट्टीनंतर सकाळी नमुना घेतला तर ते बाहेर पडून गेलेलं असतं, कामगार कागदावर ठणठणीत. कुणी तांब्याभर पाणी पिऊन आला आणि लघवी किती पातळ आहे ते दाखवणारं क्रिएटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली गेलं, तर नमुना बाद. बेंझिनसाठी त्यापासून शरीरात बनणारं म्युकॉनिक आम्ल तपासाल, तर पदार्थ टिकवायला घातलेल्या सोर्बिक आम्लापासूनही तेच तयार होतं. त्यापेक्षा बेंझिनचीच खूण असलेलं फिनाइलमर्कॅप्ट्युरिक आम्ल तपासलेलं बरं. रक्तातलं शिसं मुख्यतः गेल्या महिना-दोन महिन्यांची गोष्ट सांगतं, हाडात मात्र ते वर्षानुवर्षं मुक्काम करतं.

शिफ्टवाला
म्हणजे इतक्या कच्च्या आकड्यावर सक्ती. वा!

लॅबकोट
कच्चा नाही, सुटा आकडा निरुपयोगी, एवढंच. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं फवारणाऱ्यांचं कोलिनएस्टरेज घ्या, म्हणजे या विषाने रक्तात घटणारं एन्झाइम. माणसामाणसांत ते इतकं वेगळं असतं की फवारणीआधीचा नमुना नसेल, तर मोठी घसरणसुद्धा 'नॉर्मल' म्हणून खपून जाते. कॅलिफोर्नियाच्या नियमात स्वतःच्या मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली आलात की मालकाला आधी कामाची पद्धत तपासावी लागते. माणसाला बाजूला काढायचं ते लाल पेशींतलं प्रमाण ७० टक्के किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर आल्यावर. मला हा क्रम पटतो.

शिफ्टवाला
हा क्रम कागदावर असेल, तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा अहवालाबद्दल. आम्हाला चिठ्ठीवर फक्त 'फिट' लिहून मिळायचं. रक्त माझं, आकडा साहेबाच्या फाइलीत.

मोजपट्टी
मान्य. आकडा आधी कामगाराला, कंपनीला नावं काढून गटाची सरासरी. डॉक्टरकडेच नावं राहतील.

शिफ्टवाला
आमच्या रिअ‍ॅक्टरवर एका पाळीला चौघं असतात. सरासरी चढली की सुपरवायझर पहिल्या तासाभरात नाव काढतो. आणि तो डॉक्टर, त्याचा पगार कोण देतं?