मदत हवी आहे : स्वस्तातलं सुपरमार्केट जाऊन त्या जागी महागडं येतंय, रहिवाशांनी नेमकं काय मागावं?

मंडळी, जरा सविस्तर लिहिते आहे, कारण प्रश्न एका ओळीत मावणारा नाही.

आमच्या भागातलं स्वस्तातलं सुपरमार्केट बंद होतंय. जागेचा करार संपत आला, मालकाने भाडं वाढवून मागितलं, दुकान चालवणाऱ्या साखळीला (अनेक शाखांच्या कंपनीला) ते परवडेना. त्याच जागेत आता वरच्या वर्गासाठीची एक साखळी येते आहे. रहिवाशांची बैठक ठरली आहे. जागामालक आणि नव्या दुकानाची माणसं, दोघंही येणार आहेत. रहिवाशांच्या मागण्यांचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि तिथेच मी अडले आहे. ज्यांनी असा प्रकार जवळून पाहिला आहे, किरकोळ व्यापारात काम केलं आहे किंवा ज्यांना भाडेकरारातलं कळतं, त्यांनी कृपया लिहा.

आधी वाद काय आहे ते सांगते. सरळ दोन तट पडले आहेत. एका बाजूचं म्हणणं, बरं झालं. जुन्या दुकानात उजेड कमी, माल खोक्यांतच मांडलेला, हवी ती वस्तू आज आहे तर उद्या नाही. चांगल्या मालासाठी इतकी वर्षं लांब जात होतो, ते दारात येतंय तर अडवायचं कशाला? शिवाय घरांच्या किमती वाढतील. दुसरी बाजू म्हणते, किराणा तर महागणारच, शिवाय घरांच्या किमती वाढल्या की भाडीही वाढणार, म्हणजे भाड्याने राहणाऱ्यांचा घरखर्च दोन्हीकडून वाढणार.

दोन्ही बाजूंची माणसं मला जवळची आहेत. नव्या दुकानाचं स्वागत करणाऱ्यांना ‘तुम्हाला गरिबांची पर्वा नाही’ असं सुनावलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. शिकागोच्या एंगलवुड भागात २०१६ मध्ये होल फूड्स या महागड्या साखळीचं दुकान उघडलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालं. त्या जागी सेव्ह अ लॉट ही स्वस्तातली साखळी येणार म्हटल्यावर तिथल्याच रहिवाशांनी विरोध केला. एंगलवुड काही श्रीमंतांची वस्ती नव्हे. ‘आमच्या वाट्याला नेहमी हलकंच का?’ हा प्रश्न कमी उत्पन्नाच्या वस्तीतूनही येतो आणि तो रास्त असतो. याच्या अगदी उलट बॉस्टनच्या जमैका प्लेनमध्ये झालं. २०११ मध्ये तिथलं हाय-लो हे लॅटिन अमेरिकी मालाचं, परवडणारं दुकान गेलं आणि त्या जागी होल फूड्स आलं. रहिवासी फुटले, विरोध करणारा गट उभा राहिला, सभा गाजल्या, पण दुकान त्याच वर्षी उघडलं. तिथे भावाइतकंच दुःख आपली भाषा बोललं जाणारं, आपल्या लोकांना आपलं वाटणारं ठिकाण गेल्याचं होतं.

पण मला काळजी आहे ती या दोन्ही तटांत नसलेल्या लोकांची. संध्याकाळी उशिरा जुन्या दुकानात गेलात तर ते दिसतात. कामावरून परस्पर आलेले, सगळ्यात खालच्या फळीपाशी वाकून मोबाइलवर बेरीज करत असलेले. काउंटरवर एकूण रक्कम पुढे गेली की यादीतली एक वस्तू बाजूला काढून ठेवतात, आणि काउंटरवरची बाई काहीही न बोलता ती बिलातून कमी करते, पुन्हा एकूण सांगते. मागे रांगेत उभं असलेलं कुणी हूं की चूं करत नाही, कारण तिथे ते रोजचं आहे. ही माणसं बैठकीला येणार नाहीत. त्या वेळी ती कामावर असतात. मसुदा त्यांच्यासाठीही आहे, म्हणून तो नुसता ‘निषेध’ किंवा नुसतं ‘स्वागत’ असा व्हायला नको.

स्वस्त दुकान स्वस्त का असतं, हे थोडं वाचून काढलं. आल्डीसारखी साखळी साधारण दोन हजारांच्या आसपास प्रकारचा माल ठेवते. मोठ्या सुपरमार्केटमध्ये हाच आकडा तीस हजारांच्या घरात जातो. एका वस्तूचे एक-दोनच पर्याय, तेही बहुतेक स्वतःच्या छापाचे (दुकानाच्याच ब्रँडचे), म्हणून मोजक्या वस्तूंची खरेदी प्रचंड प्रमाणावर. माल आला त्या खोक्यासकट फळीवर, त्यामुळे मांडणीला माणसं कमी. माल पटापट खपतो, पैसा अडकून पडत नाही. वरच्या वर्गाच्या दुकानाचा सगळा जमाखर्चच वेगळा असतो, तेव्हा त्यांना ‘भाव उतरवा’ म्हणण्यात काही हशील नाही, असं माझं मत झालं आहे.

आणखी एक मुद्दा बैठकीत हमखास निघणार : नवं दुकान आलं की सगळे सकस खायला लागतील. याला माझ्याकडे उत्तर आहे. अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या घरगुती खरेदीच्या नोंदींवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळ नवं सुपरमार्केट उघडलं तरी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या आहारात फारसा फरक पडत नाही, बहुतेक खरेदी फक्त एका सुपरमार्केटमधून दुसऱ्यात जाते, असं त्यात दिसलं. श्रीमंतांना मिळतो तोच माल त्याच भावात गरिबांना मिळाला, तरी आहारातली तफावत सुमारे दहा टक्केच कमी होईल, असा त्यांचा हिशोब आहे. तेव्हा आरोग्याच्या नावाखाली स्वस्त दुकान जाण्याचं समर्थन कुणी करू नये. तसंच स्वस्त दुकान गेल्याने सगळे आजारी पडतील असंही आपल्या बाजूने म्हणू नये.

आता माझे प्रश्न. दोन दुकानांतल्या भावांची तुलना कशी मांडावी, म्हणजे समोरचे ती उडवून लावणार नाहीत? नव्या दुकानाकडून अशी कोणती गोष्ट मागता येते जी त्यांना खरंच शक्य आहे आणि पुढे तपासताही येईल? आणि जागामालकाला या सगळ्यात धरायचं की नाही? आतापर्यंत सगळा राग साखळीवरच निघतो आहे.

प्रतिसाद

किरकोळ विक्रीत खरेदी विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून भावाच्या प्रश्नापुरतं लिहितो.

सगळ्यात आधी एक काम करा, आणि ते दुकान चालू आहे तोवरच करा. जुन्या दुकानातल्या फळ्यांवरच्या किमतींच्या पट्ट्यांचे फोटो घेऊन ठेवा, शेजाऱ्यांकडून बिलं गोळा करा. एकदा शटर ओढलं की जुना भाव काय होता याचा पुरावा कुणाकडेच उरत नाही, आणि मग ‘फार फरक नव्हता हो’ असं कुणीही म्हणू शकतं.

बिलांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू निवडा. तुमच्या मनाने ठरवू नका, बिलं सांगतील तेच घ्या. वीस-पंचवीस वस्तू पुरेत. बहुतेक लोक पुढे चुकतात ते असं : दोन्ही दुकानांत मिळणारा एकाच कंपनीचा माल घेऊन तुलना करतात. नावाजलेल्या कंपन्यांच्या मालात दोन दुकानांतला फरक तुलनेने कमी असतो. खरी दरी असते ती सगळ्यात खालच्या पायरीवर. जुन्या दुकानात त्या वस्तूचा सर्वांत स्वस्त पर्याय कोणता होता आणि नव्या साखळीत सर्वांत स्वस्त पर्याय कोणता, हे समोरासमोर ठेवा. काही वस्तूंमध्ये नवं दुकान बरोबरीत येईल. तेही लिहा, लपवू नका. त्यानेच तुमच्या कागदाला वजन येईल. काही वस्तूंमध्ये स्वस्त पर्यायच नसेल. तिथे ‘उपलब्ध नाही’ असा शेरा मारा.

पाकिटाची किंमत लिहू नका, किलोमागे, लिटरमागे, नगामागे काय पडतं ते लिहा. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशाने दुकानांना अशी एककाची किंमत दाखवणं बंधनकारक केलं ते याचसाठी. लहान पाकीट स्वस्त दिसतं, असतंच असं नाही. सभासद कार्डाच्या सवलती आणि चार दिवसांच्या योजना तुलनेत धरू नका. नव्या साखळीचे भाव त्यांच्या दुसऱ्या एखाद्या शाखेतून बैठकीआधीच टिपून आणा.

मागणीही यातूनच निघते. ‘स्वस्त ठेवा’ म्हणू नका. ‘या यादीतल्या प्रत्येक वस्तूचा तुमच्या स्वतःच्या छापातला सर्वांत खालचा पर्याय या शाखेत कायम ठेवाल का?’ असं विचारा. बहुतेक मोठ्या साखळ्यांकडे खालच्या दराची मालिका असतेच, पण ‘इथलं गिऱ्हाईक ते घेत नाही’ म्हणून वरच्या वस्तीतल्या शाखेत ती ठेवत नाहीत किंवा नजरेआड ठेवतात. हे त्यांच्या हातात असतं आणि तुम्हाला फळीपाशी जाऊन तपासता येतं.

प्रतिसाद

जागामालकाला धराच, किंबहुना आधी त्यालाच धरा. कोणतं दुकान येणार हे भाड्याने ठरलं आहे, आणि पुढे शेजारी दुसरं स्वस्त दुकान येऊ शकेल की नाही हेही त्याच्याच कागदात ठरतं.

दोन गोष्टी लेखी विचारा. जुन्या साखळीने जाताना ‘या जागेत किंवा आसपासच्या माझ्या जागेत दुसऱ्या किराणा साखळीला येऊ द्यायचं नाही’ अशी काही अट ठेवली आहे का? आणि नव्या साखळीला ‘या संकुलात आमच्याशिवाय दुसरं सुपरमार्केट नको’ असा एकाधिकार दिला आहे का? हे कल्पनेतलं नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या साखळ्या जमिनीवर असे निर्बंध घालत, म्हणून २०१० मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने खास आदेश काढून त्यांना मनाई केली. पुढे काही साखळ्यांनी तो आदेश मोडल्याचंही तपासात निघालं. अमेरिकेतही अशा अटींमुळे रिकाम्या जागा वर्षानुवर्षं किराणाविना पडून राहिल्याची उदाहरणं आहेत. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते स्थानिक वकिलाला विचारा, पण प्रश्न विचारायला कायदा लागत नाही.

प्रतिसाद

मला वाटतं एवढं घाबरायचं कारण नाही. हार्वर्डच्या माल्कम मॅकनेअर यांनी १९५८ मध्ये ‘किरकोळ व्यापाराचं चाक’ मांडलं होतं : दुकान स्वस्त म्हणून सुरू होतं, हळूहळू सजतं, खर्च वाढतो, भाव चढतात, आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत नवं स्वस्त दुकान शिरतं. मंदीच्या काळात, १९३० मध्ये, मायकल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एका जुन्या गॅरेजमध्ये किंग कलन सुरू केलं ते असंच, ढिगाने माल आणि उतरलेले भाव. गिऱ्हाईक आहे तिथे स्वस्त दुकान परत येतंच. तोवर थोडं थांबा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो काढायला आजच सुरुवात केली. दुकानातल्या माणसाने कारण विचारलं, सांगितल्यावर त्यानेच मागच्या रांगेतल्या पट्ट्या दाखवल्या.

चाकाचा मुद्दा मला मान्य आहे, पण ‘थोडं थांबा’ हे ज्याचं महिन्याचं गणित शेवटच्या आठवड्यात तुटतं त्याला कसं सांगायचं? स्वस्त दुकान परत येईल, पण कधी आणि किती लांब, हे त्या चाकात कुठे लिहिलेलं नाही. आणि वरच्या प्रतिसादात सांगितला तसा एकाधिकार करारात असेल, तर ते आपल्या भागात येणारच नाही. म्हणून मसुद्यात पहिला क्रमांक करारातल्या अटींना देते आहे, नंतर खालच्या पायरीवरच्या वस्तूंची यादी. जुन्या दुकानातल्या लोकांना नव्या दुकानाने मुलाखतीला आधी बोलवावं, अशी एक ओळ घालते आहे. भिंतींचा रंग, पार्किंग, समोरची झाडं हे सगळं काढून टाकलं. त्यावर अर्धा वेळ जाईल आणि खरं राहून जाईल.

एकच अडतंय. संध्याकाळी उशिरा येणाऱ्या त्या लोकांचं म्हणणं बैठकीत कसं पोचवू? त्यांच्या वतीने मी बोलणं बरं दिसत नाही.

प्रतिसाद

त्यांच्या वतीने बोलू नका, त्यांच्याकडून लिहून घ्या. दुकान चालू आहे तोवर काउंटरजवळ संध्याकाळी एक खोका आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवायची परवानगी मागा. प्रश्न एकच ठेवा : हे दुकान गेल्यावर तुम्ही कुठे जाणार आणि कसे जाणार? नाव-पत्ता मागू नका. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांचं तुम्ही जवळ उभं राहून, त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. बैठकीत चिठ्ठ्या वाचून दाखवा, निवडून नको, खोक्यातून येतील तशा.

आणि जागामालकाला विचारायचे दोन प्रश्न बैठकीत पहिल्यांदा काढू नका. आठवडाभर आधी पत्राने पाठवा, पोच घ्या आणि पत्राची प्रत नव्या दुकानालाही द्या. नाहीतर तो सगळ्यांसमोर ‘कागद बघून सांगतो’ म्हणेल आणि विषय तिथेच संपेल.