हेल्मेट माझं, पट्टा माझा, दर मात्र मागच्या सालचाच

पत्रेवाला जळगाव (धागाकर्ता)

मी जळगाव एमआयडीसीत शेडची कामं घेतो. पत्रे बदलणं, ट्रस (छताचा लोखंडी सांगाडा), गटर, थोडीफार पाइपलाइन. अकरा पोरं आहेत, निम्मी चोपडा-यावलकडच्या पाड्यांवरची.

मागच्या महिन्यात एका कंपनीची चौकशी आली. सिमेंटचे 400 पत्रे, पावसाच्या आत. सोबत सेफ्टीचं 14 पानांचं बाड. उंचीवरून पडू नये म्हणून अंगात घालायचा डबल हुकचा फुल बॉडी पट्टा, आयएसआय हेल्मेट, बूट, प्रत्येकाची मेडिकल, उंचीवर चढायची वेगळी तपासणी, पोलीस पडताळणी आणि पूर्णवेळ सेफ्टी सुपरवायझर. माझं त्यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणणं नाही. शेवटच्या पानावर मात्र एकच ओळ: 'वरील सर्व खर्च ठेकेदाराच्या दरात समाविष्ट.'

मी त्याप्रमाणे दर लावला. खरेदीवाले साहेब म्हणाले, दुसऱ्याने चौरस फुटाला 4 रुपये कमी लावलाय, बघा जमतंय का. आता हे 4 रुपये काढू कुठून? पत्रा ज्या भावाला येतो त्याच भावाला येतो. मजुरी कमी केली तर पोरं सुरतेला निघून जातील. उरलं काय? पट्टा, बूट आणि सुपरवायझर. साहेबांनाही हे कळतं. फक्त ते तोंडाने म्हणत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. सेफ्टीचा खर्च दरातून बाहेर काढा. कोटेशनमध्ये वेगळी ओळ ठेवा, रक्कम कंपनीने ठरवावी, सगळ्या ठेकेदारांना तीच. त्यावर घासाघीस नाही. साइटवर जे दिसेल त्याचंच बिल. पटतंय का?

सेफ्टीवाला भुसावळ

नाही पटत. मी गेटच्या आतल्या बाजूला उभा असतो, म्हणून सांगतो.

पैसे वेगळे दिले तरी काय होतं ते पाहिलंय. एका कामावर ठेकेदाराला पट्ट्यांचं वेगळं बिल मंजूर होतं. गेटवर बारा पट्टे मोजून आत सोडले. दुपारी शेडवर नजर टाकली तर आठ जण वर, पाच जणांच्या अंगात पट्टा, आणि त्या पाचांपैकी तिघांचे हुक त्यांच्याच पट्ट्याच्या कडीत अडकवलेले. दोरी कशालाच बांधलेली नाही. लांबून फोटो झकास येतो. उरलेले पट्टे वेल्डिंग मशीनखाली अंथरलेले होते.

तुम्ही तसे आहात असं म्हणत नाही. पण ठेकेदारांनी स्वतःची पत स्वतःच घालवलीय. 14 पानं लिहावी लागतात कारण काही झालं तर कारखाना निरीक्षक आधी आमच्या मॅनेजरला बोलावतो. ठेकेदाराचा फोन तेव्हा स्विच ऑफ असतो.

शिरपूरकर

31 ऑगस्ट 2019, वाघाडी. केमिकल कारखान्यातला स्फोट. डझनाहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी आमच्या घरची भांडी वाजली होती. त्यानंतर कागद दुप्पट झाले हे खरं, माणसांची काळजी दुप्पट झाली का ते ज्याने त्याने बघावं. एवढंच बोलतो.

जमाखर्च

मी ठेकेदारांची पीएफ आणि ईएसआयची (सरकारी कामगार विम्याची) कामं बघतो. भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो.

कोणी दगावलं तर भरपाईचा हिशोब असा: महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा गुणक. पगार कितीही असो, हिशोबाला 15,000 च्या वर धरत नाहीत. 25 वर्षांच्या पोराचा गुणक 216.91. म्हणजे 7,500 गुणिले 216.91, झाले 16 लाख 26 हजार 825. साचा 1923 च्या कायद्यातला, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही तोच आलाय. घरच्यांना ही रक्कम थेट कंपनीकडून मागता येते, कंपनी मग ठेकेदाराकडून वसूल करते. अकरा पोरांच्या ठेकेदाराकडून 16 लाख कसे वसूल होतात ते तुम्हीच समजून घ्या.

आता दुसरी बाजू. पगार 21,000 च्या आत असेल आणि ईएसआय भरलेला असेल, तर हा बोजा ईएसआयवर जातो आणि घरच्यांना पेन्शन सुरू होतं. 15,000 पगारावर मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 487 रुपये 50 पैसे, मजुराचे 0.75 टक्के म्हणजे 112 रुपये 50 पैसे. एकूण महिन्याला 600. दिवसाचे 20 रुपये. एमआयडीसीच्या नाक्यावर दोन कट चहा.

पत्रेवाले भाऊ, राग मानू नका. अकरापैकी किती जणांचं भरता?

पत्रेवाला जळगाव

सात जणांचं. चार पोरं हंगामी आहेत, केळीची कटाई लागली की रावेरकडे जातात, पुन्हा येतात. कागद होईपर्यंत पोरगं निघून गेलेलं असतं. चूक आहे, कबूल. या चौघांना मी वर चढवत नाही, हेही सांगतो.

दालमिलवाला

सगळे मोठ्या कंपन्यांचं बोलताहेत. माझी छोटी दालमिल आहे, 18 माणसं. वर्षातून एकदा पत्रे, दोनदा एलिव्हेटरचं वेल्डिंग. मी सेफ्टीची वेगळी ओळ कुठून देऊ? डाळीच्या क्विंटलमागे काय सुटतं ते विचारा एकदा. ज्याला काम येतं त्याने ते नीट करावं, पडणार नाही याची काळजी त्याने घ्यावी. नाई माझी दाढी करतो तेव्हा वस्तऱ्याचा विमा मी काढत नाही.

तापीकाठ

शेठ, वस्तरा न्हाव्याच्या हातात असतो, मान तुमची असते. इथे पत्रा तुमचा आणि मान त्या पोराची आहे. उदाहरण उलटं पडलं.

दालमिलवाला

बोलायला ठीक आहे. पैसे कोणी द्यायचे ते सांगा.

फिटर दादा

तुम्ही सगळे पैशावर भांडताय. मी बारा वर्षं शटडाउनच्या (कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामाला जातो, साखर कारखाने, केमिकल, सगळं केलं. पैशाने माणूस मरत नाही, घाईने मरतो.

एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत पाइपाचा जोड बदलायचा होता. टाकी रिकामी, पण खाली वीतभर गाळ. नियमाने आधी वायू तपासायचा, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या वर पाहिजे, सक्षम माणसाचा लेखी दाखला पाहिजे, बाहेर दोरी धरून एक जण पाहिजे. आत दिवा 24 व्होल्टचाच. हे मला नंतर एका ट्रेनिंगमध्ये कळलं. त्या दिवशी आमच्याकडे 230 चा हॅलोजन होता आणि वायू मोजायचं यंत्र दुसऱ्या युनिटला गेलेलं. यायला दोन तास लागणार. सुपरवायझरने घड्याळ बघितलं. आमच्यातला एक म्हातारा बाप्पा होता धुळ्याकडचा, तो म्हणे, "काही व्हत नही, धा वरीस व्हयनात उतरी राह्यनू." म्हणजे काही होत नाही, दहा वर्षं झाली उतरतोय. आणि शिडीवर पाय टाकला.

चार पायऱ्या उतरला. मग थांबला. वर बघितलं त्याने, आणि मला त्याचे डोळे आवडले नाहीत. मी कॉलर धरून ओढला. बाहेर येऊन ओकला, अर्धा तास भिंतीला टेकून बसला. आधी म्हणे सडक्या अंड्यासारखा वास येत होता, मग वासच बंद झाला. त्या वायूचं तेच आहे, जास्त झाला की नाकच मरतं. मी त्याच्यामागे आत उतरलो असतो तर आज हे लिहीत नसतो. टाकीत पहिला पडतो आणि त्याला काढायला गेलेले दुसरा-तिसराही जातात.

परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावर, त्या दिवशी ऑक्सिजन 20.9 लिहिलेला होता. यंत्राशिवाय.

आणि ठेकेदारांनो, एक तुमच्यासाठी. माझ्या पहिल्या महिन्याच्या पगारातून बुटांचे पैसे कापले होते. असं कापता येत नाही, कायद्याने मनाई आहे. तेव्हा माहीत नव्हतं.

सेफ्टीवाला भुसावळ

20.9 हा आकडा बघून अंगावर काटा आला. तो उघड्या हवेतला आकडा आहे, म्हणजे कोणीतरी पाठ केलेला भरलाय. असे परमिट मी फाडलेत. आणि खरं सांगायचं तर शटडाउनच्या शेवटच्या दोन दिवसांत काही वेळा फाडलेही नाहीत. प्लांट हेड मागे उभा असतो.

पत्रेवाला जळगाव

फिटर दादांनी वेळेचं काढलं म्हणून बोलतो, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

मे महिन्यात आपल्याकडे पत्र्यावरचं काम सकाळी सहा ते दहा. त्यानंतर पारा 44-45 वर आणि पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटते. हे बिनशिकलेल्या पोरालाही कळतं. आता कंपनीचं बघा. गेट नऊला उघडणार. मग पास, मग हजेरी, मग टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी सेफ्टीवर बोलणं. परमिटवर तीन सह्या, तिसरे साहेब मीटिंगमध्ये. पोरं वर चढतात साडेअकराला. डोक्यात हेल्मेट, अंगात पट्टा, पायात जाड बूट, आणि भर उन्हात. एकाला चक्कर आली तर मला नोटीस, 'कामगार तंदुरुस्त नव्हता'. सकाळी सहाला तंदुरुस्त होता हो तो.

सेफ्टीच्या नावाने असलेला कागदच माझ्या पोरांना दुपारी वर चढवतो. याचं कोणतं पान आहे त्या चौदात?

सेफ्टीवाला भुसावळ

हे मान्य. मनापासून. परमिट आदल्या संध्याकाळी तपासून ठेवता येतो. सकाळी जागेवर जाऊन फक्त पुन्हा बघायचं आणि सही करायची. आमच्याकडे दोन उन्हाळे केलं, सहाला गेट उघडतो. त्यासाठी मला साडेपाचला यावं लागतं आणि त्याचा ओव्हरटाइम मला मिळत नाही, म्हणून दुसरीकडे कोणी करत नाही. बघा, फिरून पैशावरच आलो.

वेगळ्या ओळीबद्दल माझा विरोध मात्र कायम. एक सुधारणा सुचवतो: पैसे तुम्हाला देऊच नयेत. पट्टे, दोऱ्या, जाळी, फळ्या कंपनीच्या स्टोअरमधून मिळाव्यात, संध्याकाळी परत जमा. तुम्ही फक्त माणसं आणि हत्यारं आणा.

पत्रेवाला जळगाव

चालेल. माझ्या डोक्याचा ताप गेला. पण तुमच्या स्टोअरमधला पट्टा शिलाई उसवलेला निघाला तर जबाबदार कोण?

सेफ्टीवाला भुसावळ

आम्ही.

जमाखर्च

हे 'आम्ही' करारात लिहून घ्या, इथे नाही.

दालमिलवाला

माझ्यासारख्याकडे स्टोअर नाही, सेफ्टी ऑफिसर नाही. वर 'पैसे कोणी द्यायचे' विचारलं त्याचं उत्तर कोणी दिलं नाही. जाऊ द्या. निदान एवढं सांगा, माझ्या मिलचे पत्रे 25 वर्षांचे सिमेंटचे आहेत, यंदा बदलायचेत. कमीत कमी काय पाहिजे?

पत्रेवाला जळगाव

शेठ, हे विचारलंत बरं केलं.

सिमेंटचा जुना पत्रा वरून दगडासारखा दिसतो, पण मधोमध पाय पडला की पापडासारखा फुटतो. माणूस सरळ खाली, तुमच्या मशीनवर. शेवाळ धरलेलं असेल तर तडाही दिसत नाही. नवी पोरं हुकांच्या रांगेवरून चालतात, कारण हुक जिथे तिथे खाली लोखंड असतं. पण रांगेवरून एक वीत पाय सरकला की संपलं. म्हणून रांगेच्या भरवशावर सोडायचं नाही.

फळ्या पाहिजेत. दोन लोखंडांवर पोहोचतील एवढ्या लांब, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, वर दोरीने बांधलेल्या. दोन नाही, तीन. दोनच असल्या की पुढची सरकवताना माणूस पत्र्यावर उतरतो. खाली जाळी. पट्ट्याची दोरी पत्र्याला नाही, ट्रसला. त्या दिवशी खालची मिल बंद, खाली कोणी उभं राहायचं नाही. आणि जुने पत्रे वरून फेकायचे नाहीत, फोडायचे नाहीत, त्यात अॅस्बेस्टॉस असतो, धूळ छातीत बसते. पाणी मारून अख्खे उतरवायचे.

दालमिलवाला

फळ्या मी करून ठेवतो. आमच्याकडे सुतार आहे. लांबी किती धरू?

पत्रेवाला जळगाव

उद्या सकाळी साडेसहाला येतो, लोखंडाचं अंतर मोजून सांगतो. गेट उघडं ठेवा.