बोलता येत नाही, आरती मात्र येते

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर) : माझ्या सासूबाईंना तीन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. तेव्हापासून त्यांना ‘पाणी’ एवढा शब्दही उच्चारता येत नाही, परंतु संध्याकाळी निरांजन लावले की गणपतीची आरती त्या अडखळल्याशिवाय म्हणतात. याचा उपचारासाठी उपयोग होईल काय?

उत्तर १ : बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा भार डाव्या अर्धगोलावर असतो, तर गाण्यात उजवाही सहभागी होतो, शिवाय आरती पाठ असल्यामुळे ती जुन्या सवयीने ओठांवर येते. बोस्टन येथे १९७३च्या सुमारास विकसित झालेल्या ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’त ‘पाणी द्या’सारखे रोजचे वाक्य खालच्या-वरच्या दोन स्वरांत, रुग्णाच्या डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला ठेका देत, संथपणे म्हणवून घेतात आणि पुढे स्वर हळूहळू सोडवून साध्या बोलण्याकडे आणतात.

उत्तर २ : मात्र नुसत्या आरत्या म्हणवून बोलणे परतेल, असे समजू नये. अमुक रागाने तमुक रोग बरा होतो, असे सांगणाऱ्यांपासून तर (तानसेनाच्या गावात त्यांची वाण नाही) दूरच राहावे. वाचा-उपचारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आज ठेका धरून म्हटल्यावर ‘पा’ आला, ‘णी’ राहिला.