रि: रिव्हॅल्युएशनचं पत्र आलंय, घर विकायचं का आता?

मंडळी नमस्कार,

विषय मंडळाचा नाहीये पण इथे जुनी जाणती माणसं आहेत म्हणून विचारतो. आमच्या न्यू जर्सीतल्या टाउनशिपमध्ये रिव्हॅल झालं, म्हणजे सगळ्या घरांच्या किमती बाजारभावाने नव्याने ठरवल्या, आणि काल पत्र आलं. घराचं असेसमेंट (टॅक्ससाठी धरलेली किंमत) ४ लाख डॉलर होतं ते थेट ६ लाख ४० हजार केलंय. सध्या २ टक्क्यांनी ८ हजार टॅक्स भरतो, म्हणजे आता १२,८०० भरायचा?? बायको तर झिलो या घरांच्या साइटवर पेन्सिल्व्हेनियातली घरं बघायला लागलीये. कोणी अनुभव सांगेल का प्लीज.

मंदार

---

मंदार, आधी चहा घे. जुना रेट नव्या किमतीला लावायचाच नसतो, रिव्हॅल झालेल्या प्रत्येक गावात निम्मे लोक हाच हिशोब करून रात्रभर जागतात.

न्यू जर्सीत रेट आधी ठरत नाही. टाउन, काउंटी आणि शाळा यांना मिळून किती पैसे गोळा करायचेत ते आधी बजेटात ठरतं, मग तो आकडा गावातल्या सगळ्या घरादुकानांच्या एकूण किमतीने भागायचा, येईल तो रेट. समज गावाला १० कोटी डॉलर हवेत आणि एकूण किंमत ५०० कोटी आहे, रेट झाला २ टक्के. रिव्हॅलनंतर तीच किंमत ८०० कोटी झाली पण खर्च तेवढाच, तर रेट सव्वा टक्का. आता तुझे ६ लाख ४० हजार गुणिले सव्वा टक्का करून बघ, परत ८ हजारच येतात की नाही?

गावाची सरासरी वाढ किती ते कसं कळणार, तर राज्य दर ऑक्टोबरला प्रत्येक गावाचा रेशो काढतं, म्हणजे असेसमेंट बाजारभावाच्या किती टक्के आहे ते. तुमच्या गावाचा साधारण ६२.५ असेल तर १०० भागिले ६२.५ म्हणजे १.६ पट, तू अगदी सरासरीवर बसतोस.

सुहास काका

---

काका, गणित बरोबर आहे पण सगळेच सरासरीवर बसत नाहीत ना! त्याच गावात ज्याचं घर ४ लाखाचं ७ लाख २० हजार झालं त्याला ९ हजार बसणार आणि ज्याचं ५ लाख ६० हजारच झालं तो ७ हजारात सुटणार.

आम्ही २०१८ मध्ये जर्सी सिटी डाउनटाउनला होतो. तिथे त्याआधीचं रिव्हॅल १९८८ चं, म्हणजे ३० वर्षं कोणी हातच लावला नव्हता, शेवटी राज्याने ऑर्डर काढली तेव्हा झालं. रेट साडेसात टक्क्यांच्या वर होता तो एकदम दीडच्या आसपास आला, पेपरात वाचून आम्ही खूश, आणि मग आमचं बिल आलं 😅 डाउनटाउनच्या किमती गगनाला भिडलेल्या त्यामुळे आम्हाला दणका बसला, तिकडे जर्सी सिटीच्याच ग्रीनव्हिल भागात बऱ्याच जणांचा टॅक्स उतरला. तेव्हा मीही मीटिंगला जाऊन भांडले, पण खरं सांगू का, इतकी वर्षं तेच लोक आमच्या वाट्याचं भरत होते.

वैशाली

---

वैशालीताई म्हणतात ते खरंय. आपल्या लोकांची गडबड होते कारण डोक्यात मुंबईची घरपट्टी असते. तिथे २०१० पासून भांडवली मूल्यावर टॅक्स, आणि रेडी रेकनर वाढला की बिल वाढणार हे डोक्यात फिट्ट बसलेलं.

अजून एक, बजेट थोडंफार वाढतंच. लेव्हीला, म्हणजे टॅक्समधून गोळा करायच्या एकूण रकमेला, वर्षाला २ टक्के वाढीची कॅप आहे पण तिला पळवाटा आहेत. तेव्हा बिल जरा वाढलं तर सगळं खापर रिव्हॅलवर फोडू नको. आणि खरा रेट उन्हाळ्यात कळतो, फेब्रुवारी आणि मेचे हप्ते गेल्या वर्षीच्या अंदाजानेच येतात.

अपील करायचं असेल तर एरवी १ एप्रिल पण रिव्हॅलच्या वर्षी १ मेपर्यंत. तिथे जाऊन टॅक्स फार आहे असं रडू नको, ते ऐकतच नाहीत. गेल्या १ ऑक्टोबरला घराची किंमत एवढी नव्हती हे आसपासच्या विक्रीवरून दाखवावं लागतं. शेजाऱ्याचं असेसमेंट कमी आहे हाही पुरावा नाही. आणि अपील चालू असलं तरी हप्ते भरत राहा. त्याआधी असेसरकडून, म्हणजे घरांच्या किमती ठरवणाऱ्या टाउनच्या अधिकाऱ्याकडून, प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड (त्यांच्याकडे असलेली घराची नोंद) मागून घे. इन्स्पेक्शनला आले होते तेव्हा आत सोडलं होतंस का?

सुहास काका

---

काका, नव्हतं सोडलं 🙈 आम्ही भारतात होतो, दारावर चिठ्ठी लावून गेले होते ती आल्यावर फेकून दिली. आत्ता कार्ड आणलं तर त्यावर ३ फुल बाथ आणि फिनिश्ड बेसमेंट लिहिलंय, आमच्याकडे दीड बाथ आहे आणि बेसमेंटमध्ये मंडळाच्या गणपतीचं डेकोरेशन नि सतरंज्या. सोमवारी असेसरची अपॉइंटमेंट घेतलीये. बेसमेंटचे फोटो काढायचेत, तर ज्यांचं सामान आहे त्यांनी ते तोवर हलवू नका प्लीज.

मंदार