ग्रंथालयासाठी इंटरॅक्टिव्ह वेब साधनं: सर्व्हर नसताना सुरुवात कशाने करावी?

देवघेव_खिडकी

नमस्कार मंडळी. ग्रंथालयाच्या वेबपानावर सध्या वेळापत्रक, नियम आणि सूचीचा दुवा एवढंच आहे. वाचकाला तिथे स्वतः काही करता येईल अशा तीन गोष्टी आणायच्या आहेत.

नव्या सभासदाला बोधांक (पुस्तकाच्या पाठीवरचा, कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) वाचून कपाटातून पुस्तक काढता यावं यासाठी छोटा सराव, जुन्या संग्रहाची छायाचित्रांसह कालरेषा, आणि "हे पुस्तक मागवा" अशा सूचना घेण्याची सोय.

स्वतःचा सर्व्हर नाही, कोडिंग येत नाही, आठवड्याला दोन-तीन तास मिळतात आणि बहुतेक वाचक मोबाइलवरून येतात. एचफाइव्हपी, टाइमलाइनजेएस, पॅडलेट, ट्वाइन ही नावं पाहिली आहेत. आधी कशाला हात घालावा? काम नेमकं कुठे अडतं तेही सांगा.

सूचीपत्र

सराव आधी करा. बोधांक समजला नाही की वाचक सूची पाहूनही मोकळ्या हाताने परततो. देवघेवीच्या टेबलावर तोच प्रश्न रोज येत असेल तर पहिला वेळ त्याच्यावर घालवणं योग्य.

साधन: लुमी. एचफाइव्हपीचे (वेबपानावर चालणारे इंटरॅक्टिव्ह सराव बनवण्याचं साधन) सराव संगणकावरच बनवता येतात असं हे मोफत ॲप आहे. पहिल्यांदा सरावाचा प्रकार निवडताना इंटरनेट लागतं, कारण तो प्रकार तेव्हा उतरवला जातो. पुढचं काम इंटरनेटशिवाय होतं.

प्रकार निवडताना बहुतेक जण "ड्रॅग अँड ड्रॉप" घेतात, आणि मोबाइलवर फसतात. त्याचा फलक ठरावीक मापाचा असतो. पडदा लहान झाला की सगळा फलक आक्रसतो आणि वर्गांक (बोधांकातला विषय सांगणारा आकडा) वाचताच येत नाही. त्याऐवजी "सॉर्ट द पॅराग्राफ्स" घ्या. नाव परिच्छेदांचं असलं तरी प्रत्येक ओळीत एक वर्गांक लिहिला की कपाटातला क्रम लावण्याचा सराव तयार होतो. तुम्ही ओळी बरोबर क्रमाने भरायच्या, वाचकापुढे त्या विस्कटून येतात.

आकडे विचारपूर्वक निवडा. ५१०, ५२०, ५३० असा सोपा क्रम दिला तर सगळे बरोबर येतात आणि कुणी काही शिकत नाही. खरी चूक दशांशात होते. ड्यूई पद्धतीतले (विषयांना दशांश आकडे देणारी वर्गीकरण पद्धत) हे चार घ्या: ५२३.०१ (खगोलभौतिकी), ५२३.१ (विश्व), ५२३.४३ (मंगळ), ५२३.८ (तारे). वाचक "त्रेचाळीस" आणि "आठ" असं मनात वाचतो आणि मंगळाला ताऱ्यांच्या मागे टाकतो. दशांशचिन्हानंतर एकेक अंक तुलना करायचा, ४ हा ८ च्या आधी, बस्स. हे एक वाक्य अभिप्रायाच्या चौकटीत लिहा, म्हणजे चूक झाली त्याच क्षणी ते दिसेल. एका सरावात चार-पाच ओळी पुरतात. आठ ठेवल्या की मोबाइलवर वर-खाली सरकवताना बोट चुकतं आणि वाचक मध्येच सोडून देतो.

पुढच्या सरावात एकाच वर्गांकाची तीन पुस्तकं देऊन ग्रंथांकाचा (एकाच विषयातली पुस्तकं वेगळी ओळखण्याचा बोधांकातला भाग) क्रम लावायला सांगा. ही पायरी हमखास विसरली जाते.

बटणांवरचे इंग्रजी शब्द बदलता येतात. संपादकाच्या तळाशी मजकूर आणि भाषांतराचा भाग असतो, तिथे "तपासा", "पुन्हा करा", "उत्तर दाखवा" असं लिहा.

काम झालं की दोन प्रती ठेवा: एक .एचफाइव्हपी फाइल (पुढे दुरुस्ती हिच्यातच करायची) आणि दुसरी एचटीएमएल निर्यात, त्यात "सगळं एकाच फाइलमध्ये" हा पर्याय. चित्रं त्या फाइलच्या आतच जातात, म्हणून कॅमेऱ्यातला मूळ फोटो घालू नका. आधी रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत कमी करा.

आता सर्व्हर. एचटीएमएल फाइल गुगल ड्राइव्हवर ठेवून दुवा दिला तर ती पान म्हणून उघडत नाही. ती सोय २०१६ मध्येच बंद झाली. गिटहब पेजेस (चढवलेली फाइल वेबपान म्हणून दाखवणारी सेवा) चालेल. सार्वजनिक रिपॉझिटरी (फाइली ठेवण्याची जागा) उघडा, फाइलचं नाव index.html असंच, इंग्रजी लहान अक्षरांत ठेवा, अपलोड करा आणि सेटिंग्जमधल्या "पेजेस" भागात शाखा (ब्रँच) निवडा. ब्राउझरमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. पान दिसायला काही मिनिटं लागू शकतात, तेवढ्यात घाईने पुन्हा पुन्हा अपलोड करू नका.

मर्यादा एक: अशा सुट्या पानावर कुणाला किती गुण मिळाले ते साठत नाही. ती नोंद हवी असेल तर एचफाइव्हपी मूडल (ऑनलाइन शिकवणीची प्रणाली) किंवा वर्डप्रेससारख्या प्रणालीच्या आत चालवावं लागतं आणि वाचकाला लॉगिन द्यावं लागतं. बोधांकाच्या सरावाला त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्वाइन नंतर पाहा. वाचकाच्या निवडीप्रमाणे वाट बदलणारा ग्रंथालय-फेरफटका त्यात फार छान होतो. पण ब्राउझरमधून वापरलं तर सगळं काम त्या ब्राउझरच्या साठवणीतच राहतं. कुणी "ब्राउझिंग डेटा" पुसला की काम गेलं. संगणकावरचं ॲप घ्या, किंवा प्रत्येक बैठकीनंतर संग्रह-फाइल उतरवून ठेवा.

जुनेपान

कालरेषेसाठी टाइमलाइनजेएस बरोबर आहे. ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं आहे आणि सगळा मजकूर तुमच्याच गुगल शीटमध्ये राहतो. उद्या साधन बंद पडलं तरी तक्ता तुमच्याकडे असतो. स्टोरिफाय २०१८ मध्ये गेलं, गुगल जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस गेलं. त्यामुळे कुठलंही साधन घेताना आधी "मजकूर बाहेर कसा काढायचा" हे शोधा, मग रंगरूप पाहा.

पायऱ्या: त्यांचा नमुना तक्ता स्वतःच्या खात्यात कॉपी करा. पहिल्या ओळीतली शीर्षकं बदलू नका, त्यांचं मराठीकरणही नको. स्तंभ काढू नका, मध्ये रिकामी ओळ सोडू नका. मग फाइल, शेअर, "पब्लिश टू वेब". प्रकाशित केल्यावर त्या खिडकीत जो पत्ता दिसतो तो घ्यायचा नाही. खिडकी बंद करून ब्राउझरच्या पट्टीतला तक्त्याचा पत्ता घ्या आणि तो त्यांच्या पानावर चिकटवा. सगळ्यांचं अडतं ते इथेच.

जुन्या छायाचित्राचं साल नक्की नसतं. मग वर्षाच्या स्तंभात अंदाजाचं साल, महिना-दिवस रिकामे, आणि "डिस्प्ले डेट" स्तंभात "सुमारे १९३०" लिहा. अंदाजाला नेमकी तारीख चिकटवू नका, पुढे तीच खरी म्हणून उद्धृत होते.

वीसपेक्षा जास्त पाट्या (स्लाइड) नकोत, साधन बनवणारेही हेच सुचवतात. चित्राचा दुवा थेट चित्राचा हवा, अल्बमच्या पानाचा नको. खाजगी खिडकीत उघडून पाहा. लॉगिन मागितलं तर वाचकालाही चित्र दिसणार नाही.

आणि प्रकाशित करताना मुळात सगळा दस्तऐवजच सार्वजनिक होतो. देणगीदारांचे पत्ते त्याच फाइलच्या दुसऱ्या टॅबमध्ये ठेवू नका.

कपाट_सात

सूचनांसाठी पॅडलेटपेक्षा (सगळ्यांनी नोंदी चिकटवायचा ऑनलाइन फलक) साधा गुगल फॉर्म. पॅडलेटवर एकाची मागणी सगळ्यांना दिसते, आणि कोण काय वाचू पाहतो हे उघड होणं बरं नाही. पॅडलेट घ्यायचंच असेल तर नोंद आधी मंजुरीला येईल अशी सेटिंग चालू करा.

फॉर्ममध्ये शीर्षक, लेखक, आवृत्ती माहीत असल्यास, आणि पुस्तक आल्यावर कळवायचं असेल तरच सभासद क्रमांक. ई-मेल गोळा करण्याची सेटिंग बंद ठेवा. फाइल जोडण्याचा प्रश्न टाकू नका, तो टाकला की वाचकाला गुगल खात्याने लॉगिन करावं लागतं आणि अर्धे जण तिथूनच मागे फिरतात.

कपाटांवर क्यूआर कोड लावणार असाल तर स्थिर कोड बनवा. "डायनॅमिक" कोड मधल्या सेवेवरून जातो, तिची मुदत संपली की छापलेले सगळे कागद वाया. पानाच्या पत्त्यात देवनागरी नको: प्रत्येक अक्षर-चिन्हाचे नऊ वर्ण होतात आणि कोड दाट होऊन स्कॅन होईना. भोवती चार चौकोनांएवढी कोरी कड सोडा. हातभर, साधारण ५० सेंटिमीटरवरून स्कॅन करायचा तर ५ सेंटिमीटर रुंदी घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, मॅट घ्या.

देवघेव_खिडकी

सराव तयार झाला, मोबाइलवर नीट चालतो. खूप आभार. कालरेषा मात्र उघडत नाही, त्रुटी येते. शीर्षकं जशीच्या तशी आहेत, पत्ता पट्टीतलाच घेतला आहे, रिकामी ओळ नाही. वर्षं सगळी भरली आहेत: १९२८, १९४१ वगैरे.

जुनेपान

वर्षाच्या स्तंभात देवनागरी अंक लिहिले आहेत का, ते पाहा. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, तिच्या लेखी तो नुसता मजकूर. वर्ष, महिना, दिवस हे स्तंभ इंग्रजी अंकांतच भरा. वाचकाला मराठी अंक दिसावेत म्हणून तेच साल "डिस्प्ले डेट"मध्ये देवनागरीत लिहा. खालच्या पट्टीवरची सालं इंग्रजी अंकांतच राहतील, त्याला इलाज नाही.

दुरुस्तीनंतर पान लगेच बदललं नाही तर पाचेक मिनिटं थांबून ताजं करा.